कोथळवाडीच्या बासष्ट चाव्या

सेनगावच्या नासेरभाईला कोथळवाडीत कुणी पाहुणा म्हणत नाही आणि गावकरीही म्हणत नाही. गाव त्याला हापशाच्या जोडीला धरतं. आहे तोवर कुणी नाव काढत नाही. नसला की सगळे मिळून त्याच्या नावानं खडे फोडतात.

माणूस बेचाळीसचा. अंगानं बाभळीच्या शेंगेसारखा. मोटारसायकलवर बसला तर तीच त्याला पळवून नेतेय असं वाटावं. बाप सेनगावात रेडिओ दुरुस्त करायचा. नासेरनं केबल टीव्हीचा जमाना धरला, चिंचेवरून लिंबावर आणि लिंबावरून घरांच्या माळवदांवर वायरी ताणल्या. मग छत्र्या आल्या, केबल बसली. नासेरनं छत्र्या विकल्या. मोबाइल आले, छत्र्यांना गंज चढला. नासेरनं इंटरनेट धरलं. "धंदा म्या बदललाच न्हाई," असं तो छातीवर हात ठेवून सांगतो. "हवेत असतं ते खाली उतरवायचं आन घरात सोडायचं. आमच्या अब्बांनी बी जिंदगीभर तेच केलं."

कोथळवाडीत सगळ्यात उंच माळवद उकंडरावांचं. तिथं लोखंडी खांब, खांबावर सेनगावकडं तोंड केलेली छत्री, आणि खालच्या खोलीच्या भिंतीतल्या देवळीत एक काळा डबा. गावाच्या बासष्ट घरांचं नेट त्या डब्यातून जायचं. डब्याच्या पोटात यादी होती : कोणतं घर आणि त्याची चावी कोणती. चावी म्हणजे पासवर्ड. घरोघरचा छोटा डबा ह्या मोठ्या डब्याचं दार वाजवतो, चावी सांगतो, आणि बराबर असली तरच आत घेतला जातो.

आता चावी नासेरभाईनं स्वतःच ठरवून दिली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्याचा एक कायदा होता. नवीन घर जोडलं की तो लॅपटॉप त्या घरच्या माणसापुढं सरकवायचा, म्हणायचा, "तुमच्या मनातलं टाका, मला दावू नका," आणि तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहायचा. लोकांना ह्याचं फार अप्रूप. कोथळवाडीत ज्याला दुसऱ्याच्या घरातलं काही माहीत करून घ्यायचं नव्हतं असा हा पहिलाच माणूस.

पोळ्याच्या आगेमागे एका मोठ्या कंपनीची माणसं गावात येऊन गेली. जमिनीतून वायर टाकतो म्हणाली. भिवाजी लगेच त्यांच्या बाजूनं झाला. भिवाजी म्हणजे गावातला विरोधी पक्ष. गाव आंबा म्हणालं की हा चिंच म्हणणार. पारावर बैठक बसली तेव्हा तो धोतराचा सोगा झटकत उठला.

"नासेर, तुझी छत्री वाऱ्यानं हालती, पावसात भिजती. वायर कशी, जमिनीत निवांत ऱ्हाती. उद्या तुझं नेट गेलं तर आमी काय तुझ्या तोंडाकडं बघत बसावं? तुझं तोंड बी असं की दोन मिंटाच्या वर बघवत न्हाई."

पार हसला. नासेरभाईला हसणं लागलं, आणि लागलं की तो बोलून बसतो.

"आण्णा, दोन वर्सात एक आख्खा दिवस बंद राह्यलं का माझं नेट? ऐका मग. सकाळी बंद पडलं आन दिवस मावळायच्या आत सुरू झालं न्हाई, बासष्टातलं एक घर जरी राह्यलं, तर मी खांबासकट छत्री उतरवून नेतो. कंपनीच्या वायरीला खड्डा बी मीच खंदून देतो!"

"खड्ड्याचं ध्यानात ठेवा रे," भिवाजी म्हणाला.

बोलून गेला खरा, पण सेनगावला परतताना नासेरभाईनं हिशेब मांडला. त्याच्या चार गावांत कोथळवाडी सगळ्यात मोठं. हे गेलं की बाकीची तीन मेंढरासारखी मागोमाग जाणार. मग परत रेडिओ दुरुस्त करायला बसायचं, आणि रेडिओ तर आता कुणाकडं राहिलेच नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी उकंडरावांच्या अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा होता. पुढं कोळपं, विळे, कुऱ्हाडी, शिलाई मशीन आणि मिक्सर ओळीनं मांडलेले. शालूबाईंनी, म्हणजे उकंडरावांच्या मंडळींनी, काळा डबाही देवळीतून उतरवून ओळीत बसवला. त्यांनी आदल्या दिवशी फोन करून नासेरभाईला विचारलं होतं आणि त्यानं परवानगी दिली होती. "करा मावशी, तासभर बंद करा. त्याचा बी सण हाय. फकस्त पाणी लावू नका."

साडेनवाला त्याचा फोन वाजला. उकंडरावांची सून कोमल बोलत होती.

"भाऊ, पूजा झाली. मामंजींनी डबा परत देवळीत ठेवला, बटन चालू केलं, पण नेट येईना. दिवा लुकलुक करतो आन विझून जातो. आन भिवाजी आण्णा अंगणात येऊन बसलेत."

"ते काहून?"

"सूर्य बघून राहिलेत."

सव्वादहाला नासेरभाई माळवदाखालच्या खोलीत होता. डब्याचा दिवा पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ह्या जातीच्या डब्याची एक खोड असते. जागा होत असताना त्याची आतली कळ दाबून धरली, तर तो आपलं होतं-नव्हतं विसरतो आणि पिलासारखा आ वासून बसतो. आता मला कुणीतरी वायरीतून भरवा, म्हणतो. मग लॅपटॉप जोडून त्याच्या तोंडात त्याची मूळ फाइल सोडायची. ती गिळली की डबा शहाणा होऊन उभा राहतो.

"कळ कुणी दाबली?" नासेरभाईनं विचारलं.

"कुणी हात बी लावला न्हाई बापा," शालूबाई म्हणाल्या. "नमस्कार सुदिक लांबून केला."

त्यानं मोबाइलवरून मूळ फाइल लॅपटॉपवर उतरवली, वायर जोडली आणि भरवली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकत शेवटाला पोचली. डबा बंद झाला, पुन्हा जागा झाला, आणि पुन्हा आ वासला.

दुसऱ्यांदा भरवलं. पुन्हा आ. वायर बदलली, तिसऱ्यांदा भरवलं. पुन्हा आ. चौथ्यांदा त्यानं मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं, उकंडरावांनी उघडपणे विठ्ठल म्हटलं. डब्यानं दोघांचंही ऐकलं नाही.

"लई खादाड दिसतो," खिडकीतून भिवाजी म्हणाला. "आमच्या मेव्हण्यावर गेला."

दीड वाजला. शालूबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. "मघापासून डब्याला चारून राहिला, तू काही खाल्लंस का? खा आधी."

घास तोंडात फिरत होता, पण नासेरभाईचं डोकं कळीतच अडकलं होतं. त्यानं बोटं चाटली आणि विचारलं, "मावशी, सकाळपासून ह्याला काय काय केलं, एकेक सांगा. काही गाळू नका."

"काय करणार? कोरड्या फडक्यानं पुसला. आडवा होता तो उभा ठेवला, चांगला दिसाया. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. पण वरच हां, भोकात न्हाई पडू दिलं. झेंडूचं फूल ठेवलं. मंग उदबत्ती लावली."

"उदबत्ती कुठं लावली?"

"त्याच्यातच की. समद्याला लिंबात खोचून लावावी लागती, ह्याला कंपनीनंच भोक ठेवलंय, बराबर उदबत्तीपुरतं. म्या कोमलला म्हनलं बी, कंपनीवाली देवधर्म मानणारी दिसतेत."

नासेरभाईनं ताट बाजूला सारलं आणि डबा उलटा केला. कळीच्या बारीक भोकात, अगदी काठाशी, काळ्यात काळं मिसळून गेलेलं काडीचं टोक होतं. उकंडरावांनी डबा देवळीत ढकलला तेव्हा उदबत्तीची काडी मोडली होती आणि तुकडा आत कळ दाबून बसला होता. डबा बिचारा दर वेळी जागा होत होता, आणि दर वेळी कुणीतरी त्याला सगळं विसर म्हणून सांगत होतं.

कोमलनं कुंपणावरचा बाभळीचा काटा आणून दिला. काडी निघाली. शालूबाईंनी ती कपाळाला लावून तुळशीत टाकली. नासेरभाईनं पाचव्यांदा भरवलं. हिरवी पट्टी सरकली, डबा बंद झाला, जागा झाला, आणि ह्या खेपेला तोंड मिटून, दिवा लावून, शहाण्या बाळासारखा बसला.

"आलं?" उकंडरावांनी विचारलं.

"डबा आला, काका. यादी गेली."

डब्याला आता स्वतःचं नाव कळत होतं, पण बासष्ट घरांतलं एकही ओळखीचं राहिलं नव्हतं. यादीची फाइल नासेरभाईनं डब्यातून काढून जपली होती, नाही असं नाही. एक नक्कल जुन्या लॅपटॉपवर होती. तो श्रावणात कायमचा बसला. दुसरी त्यानं आईला, खतीजाबीला, मोबाइलवर पाठवून ठेवली होती. तिच्या फोनला घरात कुणाची हात लावायची छाती नव्हती म्हणून. त्यानं फोन लावला.

"अम्मी, मैं उन्हाळे में एक फाइल भेजा था ना तुमकू?"

"कौनसी? वो जो खुलतीच नै थी?"

"हां, वहीच!"

"उसकू तो मैं कबका पुसडाली. दबाई तो ना फोटो दिखता, ना आवाज आता. ऐसी चीज घर में कायकू रखना? तू खाना खाया क्या?"

नासेरभाईनं हो म्हणून फोन ठेवला. तीन वाजले होते.

"सगळ्यांना एकच नवी चावी देऊन टाका ना," कोमल म्हणाली. ती बारावी सायन्स झालेली, बचतगटाचं सगळं कॉम्प्युटरचं काम तीच बघते.

"देता येईल, वहिनी. पण मंग ती घरोघरच्या डब्यात जाऊन बी बदलावी लागंल. बासष्ट घरं. एका घरी चहा न घेता उठलो तरी उद्याची दुपार होती." त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. भिवाजीची सावली लांब व्हायला लागली होती. "आता जुन्याच चाव्या पाहिजेत. ज्याच्या त्याच्या तोंडून."

चारला सगळं गाव सीमोल्लंघनाला निघायच्या आधी पारावर जमतं. वर्षातनं गाव एका जागी सापडायचा हा एकच वक्त. नासेरभाई पाराच्या दगडावर चढला, झालेली गोष्ट सांगितली, आणि हात जोडून चाव्या मागितल्या.

पार एवढा गप्प झाला की लिंबावरचा कावळा उडून गेला.

"चारचौघांत?" तातेराव म्हणाला.

"टीव्हीवर रोज सांगतेत, पासवर्ड कुणाला सांगू नका," वैजनाथ म्हणाला. हे दोघं सख्खे भाऊ, पण बांधावरून सात वर्षं बोलचाल बंद. आज पहिल्यांदा एकाच बाजूनं बोलले.

"मी तरी कुठं सांगून राहिलो?" भिवाजी म्हणाला, आणि शिवेकडं चालू लागला. मागोमाग गाव गेलं. नासेरभाई दगडावर तसाच उभा राहिला.

तासाभरानं माणसं आपट्याची पानं घेऊन परतली. सूर्य सोयाबीनच्या गंजीच्या वर चार हात उरला होता. रीतीप्रमाणं एकमेकांना पानं देणं, गळाभेटी, पाया पडणं सुरू झालं. सगळ्यांत आधी उकंडराव नासेरभाईकडं आले. "सोनं घ्या," म्हणाले, पान दिलं, गळामिठी घातली, आणि मिठी सोडेनात. नासेरभाईला वाटलं, म्हातारा भरून आला. तेवढ्यात कानाशी मिशा हुळहुळल्या.

"ऐक. शालिनी. पुढं आमच्या लग्नाचं साल." आणि मिठी सोडून दुसरीकडं बघत खाकरले. चाळीस वर्षांत ह्या माणसानं 'अहो, ऐकलं का' याच्या पलीकडं बायकोला हाक मारली नव्हती. कान मात्र लाल झाले होते.

नासेरभाईनं मोबाइलवर टिपून घेतलं आणि पारावरूनच डब्याला धाडलं. उकंडरावांच्या घरातून शालूबाईंचा आवाज आला, "आलं गं बाई, आलं!"

मग काय. गळाभेटीत काय चाललंय हे गावाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही, आणि नासेरभाईपुढं रांग लागली. सोनं घ्या, मिठी, कानात कुजबूज, मोबाइलवर अंगठा. सोनं घ्या, मिठी, कुजबूज, अंगठा. एकाची चावी म्हशीचं नाव. एकाची चावी सासऱ्याला दिलेली शिवी, जोडीला सासऱ्याचाच मोबाइल नंबर. एक पैलवान गडी मिठीत घेऊन एवढं हळू बोलला की तीनदा विचारावं लागलं. शाळेतल्या बाईंचं नाव होतं, आता त्या बाई साठीच्या पुढं होत्या. वैजनाथनं कानात बापाचं नाव आणि जन्मसाल सांगितलं. चार माणसांमागून तातेराव आला. त्यानंही तेच नाव सांगितलं आणि तेच साल. नासेरभाईनं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि अंगठा चालवला. आपलं काम टिपायचं.

बायकांना गळाभेट जमणार नव्हती. कोमलनं तोड काढली. ज्या घरी चावी बाईनं टाकली होती तिनं ती आपट्याच्या पानावर पेनानं लिहायची, पान दुमडायचं आणि कोमलच्या ताटात टाकायचं. कोमल ते न उघडता नासेरभाईला देणार. ताट भरत गेलं. दर पाच-सहा चाव्यांमागं नासेरभाई फाइल डब्याकडं सोडायचा आणि गल्लीगल्लीतून ओरडा यायचा : आलं! आमचं बी आलं!

सूर्य गंजीला टेकला तेव्हा कोमलनं वहीतल्या खुणा मोजल्या. "भाऊ, एकसष्ट."

राहिलेलं घर कुणाचं हे विचारायची गरज नव्हती. भिवाजी लिंबाखाली उभा होता. हातातलं पान त्यानं चुरगाळून चुरगाळून त्याची चटणी केली होती.

"आण्णा, या की," नासेरभाई म्हणाला. 

"मला आठवना."

"आठवना?" वैजनाथ हसला. "पंचावन सालची जमिनीची मोजणी बोटावर सांगतो आन चावी आठवना व्हय!"

"न्हाई आठवत म्हनलं ना! डोस्कं हाय का कम्पूटर?"

सूर्य अर्धा गेला. नासेरभाईला डोळ्यांपुढं खड्डा दिसायला लागला, आणि आपल्या हातात टिकाव. तेवढ्यात घरून धावत आलेल्या जिवनबाई गर्दीतून पुढं झाल्या. भिवाजीची कारभारीण. पदर खोचलेला, हाताला पुरणपोळीचं पीठ.

"काहून आठवना? सकाळीच तर म्हनलात, ती चावी आधी बदल म्हणून. सांगा बिगीबिगी, माझी नात पुण्याहून तोंड दावणार हाय. न्हाई तर मीच सांगते, हितंच, समद्यांत!"

भिवाजीच्या चेहऱ्यावरचा रंग बघण्यासारखा होता. "तू गप! तू तोंड उघडू नको!" असं ओरडत तो लिंबाखालून जो सुटला तो थेट नासेरभाईच्या गळ्यात. मिठी अशी की बाभळीच्या शेंगेच्या बिया वाजल्या.

"हिनं टाकलीय चावी," तो कानात फुसफुसला. "मला न इचारता. कुणाला बोललास तर बघ."

"न्हाई बोलणार. अल्लाची कसम. सांगा."

"भिवा घोरतो रेड्यावानी. समदं जोडून. मधी जागा न्हाई."

नासेरभाईनं ओठ दातांखाली धरला. हसू वर आलं ते त्यानं खाली ढकललं. ते डोळ्यांतून बाहेर पडायला लागलं. गावानं पाहिलं तर नासेरभाई भिवाजीच्या खांद्यावर मान ठेवून थरथरतोय आणि गालांवरून पाणी वाहतंय.

"बघा रे," तातेराव हळहळला. "कितीबी भांडलं तरी माणूस माणूसच हाय."

अंगठा चालला. फाइल गेली. सूर्याची पातळ लाल कड तेवढी गंजीवर उरली होती, तेव्हा भिवाजीच्या घरात टांगलेला टॅब्लेट वाजायला लागला आणि जिवनबाई पिठाच्या हातानंच तिकडं पळाल्या.

"बासष्ट," कोमल म्हणाली आणि वही मिटली.

पार ओरडला. कुणीतरी नासेरभाईच्या टोपीत आपट्याची पानं ओतली. मग तातेरावानं, आगीत तेल म्हणून, भिवाजीला विचारलं, "आण्णा, मंग कंपनीच्या वायरीचं काय ठरलं?"

"कसली कंपनी?" भिवाजी खेकसला. "तिथं हापिसात दहा पोरंपोरी बसतेत. चावी गेली की फोनवर त्यांना सांगायची, आन ते इचारणार, काका परत बोला, जोरात बोला. काही नको. वायर उंदरं खातेत. छत्रीला उंदीर चढत न्हाई."

गाव विचारात पडलं. उकंडरावांनी कान चोळला. पैलवानानं जमिनीकडं पाहिलं. एकाही माणसानं कंपनीच्या बाजूनं तोंड उघडलं नाही.

नासेरभाई माळवदाखालच्या खोलीत गेला. डब्यातली यादी त्यानं दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, पट्टी शेवटाला पोचेस्तोवर जागचा हलला नाही, आणि दोन्ही पेनड्राइव्ह दोन खिशांत टाकून खिशांची बटणं लावली. बाहेर अंगणात उकंडराव मोटारसायकलजवळ थांबले होते. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नासेर, मला एकट्यालाच सांग. भिवाची चावी काय होती रे?"

नासेरभाईनं किक मारली. "सांगतो की, काका. पण मंग त्यांनी तुमची इचारली तर?"

 उकंडरावांनी पुढं होऊन फाटक उघडून दिलं.